गेटवरचा आकडा

तारापूर औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला, एका रसायन कारखान्याच्या गेटवर आमच्या कंपनीने बसवलेला एक स्क्रीन आहे. एरवी त्यावर तारीख असते, तापमान असते आणि सुरक्षिततेचे एखादे घोषवाक्य असते. सायरन वाजला की घोषवाक्य जाते आणि एक आकडा येतो. आत अजून किती माणसे आहेत, तो आकडा. लोक बाहेर येऊन गेटवरच्या यंत्राला कार्ड लावतात, तसतसा तो उतरत जातो. तो शून्यावर आला की आत कोणी नाही असे धरतात. मग बचावाची तुकडी आत जात नाही. रिकाम्या कारखान्यासाठी कोणी जीव धोक्यात घालायचा नाही, असा नियम आहे आणि तो योग्य आहे.

या कामाच्या आधी मी एका दैनिकाच्या पालघर कचेरीत उपसंपादक होते. ती कचेरी बंद झाली. मी प्रोग्रॅमिंग शिकले आणि बोईसरमध्ये हजेरीची यंत्रे बसवणाऱ्या एका लहान कंपनीत लागले. हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला, वर पत्रे, खाली दिवसभर पाइप कापल्याचा आवाज. दोन कामांत मला फारसा फरक वाटला नाही. कोण, कुठे, केव्हा, हे तिथेही विचारायचे आणि इथेही. वसाहतीत अपघात झाला की संध्याकाळी कचेरीत आकडे यायचे. पोलिसांचा एक, दवाखान्याचा एक, गावातल्या कोणाचा तरी तिसरा. पहिला आकडा सहसा चुकीचा असतो, एवढे त्या टेबलावर शिकायला मिळाले.

स्क्रीनमागचा प्रोग्रॅम सोपा होता. प्रत्येक कार्डासाठी दिवसभराची एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची एक ओळ, तयार होत जाते. आत जाताना कार्ड लावले की ओळीत १ येतो, बाहेर पडताना लावले की ०. सकाळी आलेला, दुपारी जेवायला बाहेर गेलेला, परत आलेला आणि संध्याकाळी घरी गेलेला माणूस म्हणजे १०१०. कारखान्याचा दिवस सकाळच्या पाळीपासून मोजायचा, म्हणून रोज सातला ओळ कोरी होते. सायरन वाजला की प्रोग्रॅमने प्रत्येक ओळ तपासायची आणि माणूस आत की बाहेर ते सांगायचे. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या महिन्यात देतात तसला हा प्रश्न आहे.

तो आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सर म्हणतो, मी लागण्याच्या आधीच सोडवून ठेवला होता. ओळीतले एक मोजायचे, शून्ये मोजायची. एक जास्त असतील तर माणूस आत, नाहीतर बाहेर. सर सांगायचे, "माणूस जितक्या वेळा आत जातो तितक्याच वेळा बाहेर येतो. यात चुकायला जागाच नाही."

सरावाच्या सायरनमध्ये तो कधी चुकलाही नव्हता. सराव कधी आहे ते आधी कळवलेले असायचे. कारखाना त्या दिवशी झाडून पुसून ठेवत. ठेकेदाराचा मुकादम आपल्या माणसांना नवी हेल्मेट द्यायचा आणि सराव संपला की परत घ्यायचा.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशी सराव नव्हता. गेटवरचे एक यंत्र कार्ड वाचताना अडखळत होते, ते बदलायला मी सकाळी गेले होते. काम झाले होते. वॉचमनांचे सुपरवायझर, निवृत्त फौजी, चहा सांगून माझी फिरकी घेत होते.

"मॅडम, तुमचं मशीन आम्हाला रोज ओळखतं आणि रोज विचारतं तू कोण. अगदी आमच्या सूनबाईंसारखं."

तेवढ्यात सायरन झाला. चढत, उतरत, पुन्हा चढत. त्याचा अर्थ गळती.

केबिनच्या खिडकीतून मागच्या टाक्यांकडे पांढरा धूर दिसला. टँकरमधून ॲसिड टाकीत घेताना पाइपचा जोड सुटला होता. धूर वर न जाता जमिनीलगत पसरत होता. वारा मागच्या नाल्याच्या दिशेने होता, त्यामुळे गेट आणि समोरचे मैदान मोकळे होते. नाकातोंडाला ओले रुमाल लावून माणसे येऊ लागली. कार्ड लावायचे, रस्ता ओलांडायचा, मैदानात बसायचे. शिकवलेले सगळ्यांना आठवत होते. स्क्रीनवरचा आकडा उतरत होता.

मैदानातून बोलणी ऐकू येत होती.

"चला, फुकटची सुट्टी."

"सुट्टी कसली? तेवढे तास कापतील."

"अबे, पहले सांस तो ले, तास बाद में गिन."

आकडा शून्यावर आला. सुपरवायझरांनी वॉकीटॉकीवर तसे कळवले. सेफ्टी ऑफिसर गेटवर आला. तरुण होता, घाईत होता, पण आवाज चढवत नव्हता. त्याच्याबरोबर बचाव तुकडीचे दोघे होते, पाठीवर हवेचे सिलिंडर, मुखवटे अजून गळ्यात. हे तिघे त्या आकड्यात धरलेले नसतात. त्याने स्क्रीनकडे पाहिले आणि दोघांना मुखवटे काढून ठेवायला सांगितले. दुरून पाण्याचा पडदा धरायचा, वसाहतीचा बंब येईपर्यंत टाकीच्या जवळ कोणी जायचे नाही. आत माणूस नसेल तर हाच निर्णय बरोबर होता.

त्याच वेळी एक बाई रस्त्याने धावत आली. पंचविशीची असेल. पायात चपला नव्हत्या. हातात मोबाइल होता.

"माझा मानूस कुठं हाय?" तिने सुपरवायझरांना विचारले.

"सगळे समोर बसलेत, बघा त्यात."

"बघला. त्याच्यात नाय."

तिने नवऱ्याचे नाव सांगितले. ती दोघे विक्रमगडच्या डोंगरातली. पावसाळ्यात गावी भात-नाचणी करायची, मग इकडे कुंभवलीत भाड्याची खोली. नवरा ठेकेदाराकडे ड्रायरवर, म्हणजे माल वाळवायच्या यंत्रावर होता. आदल्या रात्री पाळीला गेला होता, सकाळी घरी यायला हवा होता. आत मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून तो घरीच ठेवून जायचा. तोच तिच्या हातात होता.

सुपरवायझरांनी मुकादमाला हाक मारली. मुकादम मैदानातून आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"वो तो रात पाळीवाला है. सुबह ही निकल गया," तो म्हणाला. मग बाईकडे वळून मराठीत, "ए बाय, नवरा सांभाळता येत नाही आणि कंपनीच्या गेटवर बोंब मारतेस? आधी गुत्त्यावर जाऊन बघ."

"तो पीत नाय," ती म्हणाली. "तू पितोस म्हनून तुला तसा वाटतं."

मैदानाच्या कडेला बसलेले चौघे हसले. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबले.

सेफ्टी ऑफिसरने विचारले, "स्क्रीन काय सांगतोय?"

"शून्य, साहेब."

"मग?"

"मग काही नाही साहेब. माणूस घरी गेलाय. कुठेतरी बसला असेल." हे मुकादम म्हणाला.

सेफ्टी ऑफिसर परत निघाला आणि थांबला. माझ्याकडे वळला.

"मॅडम, शून्य म्हणजे शून्यच ना?"

"बघून सांगते."

"बघायला वेळ नाही. हो की नाही?"

"आत्ता दोन्ही म्हणता येणार नाही. त्याचा कार्ड नंबर द्या."

सुपरवायझरांनी रजिस्टरच्या फायलीतून नंबर काढून दिला. मी लॅपटॉप केबिनच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि त्या कार्डाची आजची स्ट्रिंग उघडली. दोनच अक्षरे होती.

०१

प्रोग्रॅमच्या दृष्टीने एक एकदा, शून्य एकदा. बरोबरी. माणूस बाहेर.

मी ती वाचली तशी कोणीही वाचली असती, डावीकडून. आधी बाहेर गेला. नंतर आत आला. आणि त्यानंतर काहीच नाही.

दिवसाची पहिली नोंद बाहेर जाण्याची कशी असू शकते? माणूस दिवस सुरू होताना आतच असला तर. रात्रपाळीचा माणूस सात वाजता आतच असतो. त्याची ओळ शून्याने सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. तो घरी जातो. या ओळीत पुढे एक होता. दोन्ही नोंदींच्या वेळा पाहिल्या. मध्ये जेमतेम चहा पिण्याइतके अंतर होते.

मोजणीच्या प्रोग्रॅमने एक गोष्ट न लिहिता धरलेली होती. सात वाजता सगळे बाहेर असतात. सर पालघरला राहतात, सकाळी घरून निघतात. त्यांच्या दिवसाची सुरुवात खरोखरच बाहेर होते. या वसाहतीत तीन पाळ्या चालतात. इथे दिवस कधी सुरूच होत नाही आणि संपतही नाही. फक्त ओळ कोरी होते.

मी सेफ्टी ऑफिसरला सांगितले, "नोंदीप्रमाणे तो सकाळी बाहेर येऊन पुन्हा आत गेलाय. त्यानंतर बाहेर आल्याची नोंद नाही."

"मग स्क्रीन शून्य का दाखवतोय?"

"स्क्रीन मोजतो. क्रम बघत नाही."

"आणखी किती जण असे आहेत?" त्याने विचारले.

खरा प्रश्न तोच होता. एका माणसाचे नाव त्याच्या बायकोने आणून दिले होते. ज्याची बायको विक्रमगडलाच असेल त्याचे कोण आणणार?

उत्तर म्हणून लिहायचा प्रोग्रॅम आधीच्यापेक्षाही लहान होता. मोजायचे काहीच नाही. कालची ओळ आणि आजची ओळ एकमेकींना जोडायची आणि शेवटचे अक्षर बघायचे. शेवटी १ असेल तर माणूस आत. सकाळी ज्यांनी कार्डच लावले नाही, ज्यांची आजची ओळ रिकामी आहे, तेही कालच्या शेवटच्या अक्षरावरून कळतात. दोन ओळींचे काम. पण सायरन वाजत होता आणि स्क्रीन चालू होता. चालू प्रोग्रॅमला हात लावून तो बंद पडला असता तर गेटवर कोणताच आकडा उरला नसता. मी त्याची प्रत लॅपटॉपवर घेतली, तिच्यात बदल केला आणि सरांना फोन लावला. ते पालघरला कलेक्टर कचेरीत होते.

"ड्रिलमध्ये चाललं होतं ना?" ते म्हणाले.

"ड्रिलला कोणी रात्रीचा राहिलेला नसेल."

"कशावरून तुझं बरोबर?"

"चालवून बघते. फोन ठेवू नका."

मी प्रत चालवली. लॅपटॉपवर दोन कार्डे आली.

पहिले नाव सुपरवायझरांनी मैदानाकडे तोंड करून, कवायतीच्या आवाजात पुकारले. एक फिटर उठून उभा राहिला. तो सातच्या आधीच आत आला होता, त्याची आजची ओळ रिकामी होती, म्हणून जुन्या मोजणीत तो आत धरलाच नव्हता.

"इथंच हाय की. कुठं जाऊ?"

"कार्ड कोणी लावायचं? तुझ्या सासऱ्यानं?"

"गर्दी होती साहेब. टँकरच्या गेटानं आलो."

तो येऊन कार्ड लावून गेला. राहिले दुसरे कार्ड. बाईच्या नवऱ्याचे.

तिला अक्षर कळत नसावे, पण लॅपटॉपवर दोनाची एक ओळ झाली हे तिने पाहिले. "तो हाय ना आत?" तिने मला विचारले. मी मान हलवली. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि खाली बसली.

सेफ्टी ऑफिसर मात्र अजून जागचा हलला नव्हता. त्याची अडचण खरी होती. इथे एकाने दुसऱ्याचे कार्ड लावणे नवे नाही. ०१ ही दोन अक्षरे त्या माणसाने स्वतः उमटवली असतील किंवा त्याचे कार्ड हातात असलेल्या कोणीही. कार्ड आत असणे म्हणजे माणूस आत असणे नव्हे. आणि धुरात माणूस पाठवायचा तर कुठे? हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन सगळा कारखाना शोधता येत नाही. तेवढी हवा नसते.

"मला जागा पाहिजे," तो म्हणाला. "रात्री ड्रायरवर होता, आत्ता कुठे आहे ते माहीत नाही. अंदाजावर मी यांना आत सोडणार नाही. एकाला आणायला जाऊन तिघं अडकतात, हे मी बघितलंय."

मग तो मुकादमाकडे वळला. "सकाळी त्याचं कार्ड कोणी लावलं?"

"मला काय माहीत साहेब? त्याचं त्यानं."

"बाहेर का आला, परत का गेला?"

"चहा प्यायला गेला असेल."

"आणि चहा पिऊन कुठे गेला?"

मुकादम खिशातली पेनं चाचपू लागला.

तो का सांगत नव्हता ते मला त्या क्षणी कळले नाही, नंतर कळले. ठेकेदाराची माणसे कमी पडली की रात्रपाळीचाच एखादा सकाळच्या पाळीला थांबवतात. त्याला डबल मारणे म्हणतात. कंपनीने डबल बंद केलेले आहे. म्हणून मुकादम त्या माणसाला सातनंतर गेटपर्यंत आणतो, कार्ड लावून बाहेर काढतो, टपरीवर चहा-पाव देतो आणि पुन्हा कार्ड लावून आत पाठवतो. नोंदीत दोन वेगळ्या पाळ्या दिसतात; मधले अंतर किती ते कोणी बघत नाही. तोंडी हजेरीत मात्र तो कुठेच नसतो. रात्रीच्यांच्या लेखी तो निघून गेलेला, सकाळच्यांच्या लेखी आलेलाच नाही. मैदानात मुकादमाने सकाळच्या पाळीची माणसे मोजली तेव्हा त्यांच्यात हा नव्हता, आणि मुकादमाने तो धरलाही नव्हता. ज्या दिवशी सराव असेल त्या दिवशी तो कोणालाच डबलला ठेवायचा नाही.

कबूल केले तर ठेका जाणार, त्याची नोकरी जाणार, आणि डबल मारणाऱ्याचा गेटपासही कायमचा रद्द होणार. हे सगळे त्याच्या चेहऱ्यावर होते. धूर आता ड्रायरच्या पत्र्यांपर्यंत आला होता.

बाई उठली. ती ओरडली नाही.

"तुझ्या हाताखाली हाय तो," ती मुकादमाला म्हणाली. "त्याला तू दादा म्हनायला लावतोस. सांग ना मग, दादा."

मुकादमाने सेफ्टी ऑफिसरकडे न बघता सांगितले. "डबलला आहे. ड्रायरच्या मागे रिकाम्या गोण्या ठेवतात ना, तिथे टेकतात पोरं. गरम असतं. ब्लोअरच्या आवाजात सायरन ऐकू येत नाही."

सेफ्टी ऑफिसरने तुकडीला मुखवटे चढवायला सांगितले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "साहेब, स्क्रीनवर शून्य आहे. नियमाप्रमाणे…"

"मॅडम, स्क्रीन बदला."

सर अजून फोनवर होते. "चढव," ते म्हणाले. "बंद पडला तर?" असे मी विचारले नाही, त्यांनीही विचारले नाही. मी जुना प्रोग्रॅम बाजूला नाव बदलून ठेवला, नवा त्याच्या जागी टाकला आणि सुरू केला. स्क्रीन काळा झाला. पुन्हा उजळायला त्याला लागतो तेवढाच वेळ लागला असणार. मैदानातली सगळी माणसे त्याच्याकडे बघत होती, कारण इतका वेळ तिथे दिसत असलेले शून्य गेले होते. मग आकडा आला.

१

मैदानातली बोलणी थांबली. इतका वेळ जो तो आपापल्या माणसांशी बोलत होता. आता जो तो आजूबाजूला पाहून आपली माणसे मोजत होता. कोणीतरी दबक्या आवाजात त्या माणसाचे नाव घेतले, मग दुसऱ्याने. काही जण उभे राहिले.

दोघे आत गेले. पाण्याचा पडदा त्यांच्याबरोबर सरकत गेला, ड्रायरच्या कोपऱ्यापर्यंत. पुढे ते दिसेनासे झाले.

वाट बघण्याचा तेवढा वेळ वृत्तपत्रात एका ओळीत जातो. "बचाव पथकाने शर्थीचे प्रयत्न केले." ती ओळ मी अनेकदा लिहिलेली आहे. गेटवर उभे राहिल्यावर तिच्यात काय काय असते ते दिसले. सेफ्टी ऑफिसर घड्याळ बघत होता आणि ओठांनी काहीतरी मोजत होता. सिलिंडरमधली हवा मोजत असावा. सुपरवायझर वॉकीटॉकी कानाला लावून उभे होते आणि त्यातून फक्त मुखवट्यातल्या श्वासांचा आवाज येत होता. मुकादम गेटच्या खांबाला टेकला होता. बाईने एकदाच विचारले, "ताय, यातून कळेल का, तो जिता हाय का?" तिने लॅपटॉपकडे बोट केले होते.

"नाही," मी सांगितले. "आत आहे एवढंच कळतं."

वॉकीटॉकीत एक शब्द आला. "मिळाला."

त्यानंतर काही नाही. जिवंत की कसा, ते विचारायचे सुपरवायझरांनी टाळले. सेफ्टी ऑफिसरने ॲम्ब्युलन्स टँकरच्या गेटकडे नेण्याची खूण केली, तो रस्ता जवळचा होता. आम्ही धावत तिकडे गेलो. दोघांनी त्याला गोणपाटाच्या झोळीत आणले. अंगावर ओली चादर होती. डोळे मिटलेले, सुजलेले. तो खोकत होता. खोकल्याचा आवाज चांगला नव्हता, पण आवाज होता. बाईने तो ऐकला आणि झोळीची एक बाजू स्वतः धरली.

ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिने मागे वळून मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुमचा नंबर लावून द्या. मला इथलं कोन ओळखत नाय." मी नंबर टाकून दिला. गाडी बोईसरच्या दिशेने गेली.

बंब आला. टाकीचा पाइप बंद झाला. धूर विरळ होत गेला. लोक मैदानात पाणी पीत होते, कोणीतरी वडे मागवले होते. सगळे सुरळीत झाल्याचा सायरन मात्र द्यायचा राहिला होता, कारण स्क्रीनवर एक होता. तो माणूस टँकरच्या गेटने, झोळीतून बाहेर गेला होता. त्याने कार्ड लावलेले नव्हते. त्याच्या ओळीचे शेवटचे अक्षर अजून १ होते आणि नवा प्रोग्रॅम ते प्रामाणिकपणे दाखवत होता.

मुकादम केबिनच्या खिडकीशी आला. आता तो माझ्याशी हलक्या आवाजात आणि मराठीत बोलत होता.

"ताई, एक विचारू? ते सकाळचं एक काढता येईल का?"

"कशाला?"

"आकडा शून्य येईल. सायरन देता येईल. बघा, किती लोक खोळंबलेत."

"आणि नोंदीत तो सकाळीच घरी गेलेला दिसेल."

"हां. म्हणजे डबलचा प्रश्नच नाही. तुमचंही मिटलं, माझंही."

"त्याचं?"

"त्याला मी बघतो ना. माझाच माणूस आहे."

सकाळी घरी गेलेला माणूस कामावर नव्हता. जो कामावर नव्हता त्याच्या फुफ्फुसांत कारखान्याचे ॲसिड गेले, तर ते कोणाच्या जबाबदारीवर गेले याला उत्तर उरत नाही. मुकादमाला हे कळत नव्हते असे नाही. त्याला एक अक्षर पुसून हवे होते. पुसायला क्षणभरही लागला नसता. त्या संगणकावर तसा अधिकार माझ्याकडे होता.

"नाही काढणार," मी म्हणाले.

"तुम्ही पेपरवाल्या होता ना आधी?" तो म्हणाला. "वाटलंच." आणि निघून गेला.

सेफ्टी ऑफिसर दोन पावलांवर होता. त्याने हे ऐकले असणार. त्याने स्वतःच्या सहीने लेखी हुकूम दिला की आत कोणी नसल्याची प्रत्यक्ष खात्री केली आहे, आणि सायरन हाताने वाजवला. सरळ, न चढता न उतरता. माणसे उठून आत जाऊ लागली. कार्ड लागू लागले तसा स्क्रीनवरचा आकडा त्या एकाच्या वर चढत गेला आणि तो एक त्यात दिसेनासा झाला.

दुपारी मी कचेरीत परत आले. सर पालघरहून आले होते. त्यांनी नवा प्रोग्रॅम वाचला, दोनदा वाचला, बाकीच्या कारखान्यांचीही कामे उघडली आणि तिथेही मोजणी काढून टाकायला बसले. खाली पाइप कापणे चालू होते.

फोन आला तेव्हा ऊन कलले होते. तिचा आवाज बसलेला होता.

"ताय, तो बोलाया लागला. डोळं उघडत नाय, पन बोलतो."

"काय म्हणाले?"

"इचारतो, दोनी पाळ्या लागल्या का."

मी त्याची स्ट्रिंग पुन्हा उघडली. कालचा एक, आजचे शून्य, आजचा एक.

"रात्रीची लागली, म्हणावं," मी सांगितले. "दुसरी अजून चालू आहे."